मुकुट आणि मातृभूमी : फिलिपिन्सच्या सौंदर्यस्पर्धांतील यशाची सांस्कृतिक चिकित्सा

प्रस्तावना

सौंदर्यस्पर्धा हा विषय आपल्याकडील वैचारिक लेखनात सहसा दोन प्रकारे हाताळला जातो. स्त्रीवादी समीक्षा तिच्याकडे स्त्रीदेहाच्या वस्तूकरणाचे आणि प्रसाधन उद्योगाच्या बाजारविस्ताराचे साधन म्हणून पाहते. वृत्तपत्रीय लेखन तिच्यात राष्ट्रगौरव शोधते. पहिल्या भूमिकेत तथ्य आहे आणि दुसरीच्या मागे लोकभावना आहे. मात्र फिलिपिन्ससारख्या देशाचा विचार करू लागल्यास या दोन्ही भूमिका अपुऱ्या ठरतात. सुमारे तीनशे तेहतीस वर्षे स्पेनची आणि त्यानंतर जवळजवळ अर्धशतक अमेरिकेची सत्ता अनुभवलेल्या, लक्षावधी नागरिकांना रोजगारासाठी परदेशी पाठविणाऱ्या या द्वीपराष्ट्राने सौंदर्यस्पर्धेला राष्ट्रीय उत्सवाचे स्थान दिले आहे. मिस युनिव्हर्सची अंतिम फेरी चालू असताना तेथे घरोघरी, चौकांत आणि दुकानांत दूरचित्रवाणीपुढे जी गर्दी जमते, तिची तुलना आपल्याकडील क्रिकेटच्या अंतिम सामन्याशीच करता येईल.

प्रस्तुत लेखात या यशामागील ऐतिहासिक, सामाजिक आणि आर्थिक कारणांचा शोध घेतला असून, स्पर्धेच्या रंगमंचावर दिली गेलेली काही उत्तरे ‘संहिता’ म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. देशाचे प्रतिनिधित्व करण्यासाठी निवडलेल्या स्त्रीला त्या देशाविषयी नेमके काय आणि किती बोलण्याची मुभा असते, हा लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

यशाचा आलेख

प्रथम वस्तुस्थिती पाहणे इष्ट ठरेल. १९६४ मध्ये जेम्मा क्रूझ यांनी मिस इंटरनॅशनल हा किताब पटकावला आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत विजयी होणाऱ्या त्या पहिल्या फिलिपिनो स्त्री ठरल्या. राष्ट्रपुरुष होसे रिझाल यांच्या बहिणीच्या वंशातील ही तरुणी होती. त्यानंतर याच स्पर्धेत ऑरोरा पिहुआन (१९७०), मेलनी मार्केझ (१९७९), प्रेशस लारा किगामन (२००५), बिया रोझ सँटियागो (२०१३) आणि कायली व्हेर्झोसा (२०१६) यांनी यश मिळविले. मिस युनिव्हर्सचा मुकुट ग्लोरिया दियाझ (१९६९), मार्गी मोरान (१९७३), पिया वूर्ट्सबाख (२०१५) आणि कॅट्रिओना ग्रे (२०१८) अशा चौघींना मिळाला. मिस वर्ल्ड स्पर्धेतील एकमेव विजय मेगन यंग यांचा, तो २०१३ मधील. मिस अर्थ ही स्पर्धा तर २००१ मध्ये फिलिपिन्समध्येच सुरू झाली. तिच्यात २००८, २०१४, २०१५ आणि २०१७ या वर्षी फिलिपिन्सच्या स्पर्धक विजयी झाल्या. अलीकडच्या मिस ग्रँड इंटरनॅशनल स्पर्धेत २०२४ च्या भारतीय विजेतीचे पद २०२५ मध्ये संपुष्टात आल्यावर तो किताब सीजे ओपियासा यांच्याकडे गेला, आणि त्याच वर्षी एमा टिग्लाओ यांनी पुढील स्पर्धा जिंकली.

या यादीपेक्षाही सातत्य अधिक बोलके आहे. २०१० ते २०२१ अशी सलग बारा वर्षे मिस युनिव्हर्सच्या उपान्त्य फेरीत फिलिपिन्सची स्पर्धक होती. २०२२ मध्ये ही मालिका खंडित झाली, तेव्हा देशात हळहळ व्यक्त झाली. एखाददुसरा विजय योगायोगाने मिळू शकतो. इतके सातत्य मात्र समाजात खोलवर मुरलेल्या एखाद्या व्यवस्थेशिवाय शक्य नसते. त्या व्यवस्थेची मुळे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जातात.

वासाहतिक वारसा : कार्निव्हलची राणी

अमेरिकी सत्ता स्थिरावल्यानंतर १९०८ मध्ये ‘मनिला कार्निव्हल’ हा वार्षिक महोत्सव सुरू झाला. वसाहतीतील शेती, व्यापार आणि उद्योग यांचे प्रदर्शन घडविणे व राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यातील सलोख्याचे चित्र उभे करणे, हा त्याचा हेतू होता. युद्ध संपून जेमतेम सहा वर्षे झाली होती. पहिल्याच वर्षी दोन राण्या निवडल्या गेल्या. पाश्चिमात्यांची राणी अमेरिकी होती, तर पौर्वात्यांची राणी इलोइलो येथील पुरा व्हियानुएवा. दोन राण्यांच्या या योजनेत वसाहतवादाची संपूर्ण विचारसरणी सामावलेली आहे. समतेचा आभास निर्माण करायचा आणि त्याच वेळी पूर्व व पश्चिम यांच्यातील रेषाही पुसू द्यायची नाही, असे हे धोरण होते.

परंतु या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. याच पुरा व्हियानुएवा यांनी १९०६ मध्ये इलोइलोत स्त्रियांची संघटना स्थापन केली होती. त्या पत्रकार होत्या आणि स्त्रीमताधिकाराच्या चळवळीत पुढे अग्रभागी राहिल्या. ३० एप्रिल १९३७ रोजी झालेल्या सार्वमतात मताधिकार मिळण्यासाठी स्त्रियांची किमान तीन लाख अनुकूल मते आवश्यक होती. प्रत्यक्षात ती साडेचार लाखांच्या आसपास पडली. पुरा यांची कन्या मारिया कालाव १९३१ मध्ये ‘मिस फिलिपिन्स’ झाल्या आणि १९६१ मध्ये सिनेटवर निवडून आल्या. म्हणजे स्पर्धेतील राणीपद आणि सार्वजनिक जीवन यांचा संबंध फिलिपिन्समध्ये आरंभापासूनच आहे. जेनेव्हिव्ह क्लुटारिओ यांनी २०२३ मध्ये प्रकाशित झालेल्या आपल्या इतिहासग्रंथात सौंदर्याचा हा व्यवहार साम्राज्य आणि राष्ट्र यांच्यातील सत्तासंघर्षाचा भाग म्हणून मांडला आहे. ही मांडणी ग्राह्य मानली, तर राणीपदाला निव्वळ करमणूक म्हणून बाजूला सारता येत नाही.

जत्रेतील पाया

राजधानीतील कार्निव्हल १९३९ नंतर बंद पडला, पण राणी निवडण्याची प्रथा गावोगावी टिकून राहिली. तिला स्पॅनिश काळातील कॅथलिक परंपरेचे अधिष्ठान आहे. मे महिन्यात निघणाऱ्या ‘सांताक्रुझान’ या मिरवणुकीत सम्राज्ञी हेलेना हिने केलेल्या पवित्र क्रूसाच्या शोधाचे स्मरण केले जाते. गावातील तरुणी वेगवेगळ्या राण्यांच्या वेशात, फुलांच्या कमानीखालून चालतात. सर्वांत मानाचे स्थान ‘रेना एलेना’चे. याशिवाय गावाच्या संरक्षक संताच्या उत्सवात, शाळांत, महाविद्यालयांत आणि कार्यालयांतही राणी निवडली जाते. अनेक ठिकाणी ही निवड मतांच्या विक्रीतून होते आणि जमलेला निधी चर्च, शाळा किंवा गावाच्या कामासाठी वापरला जातो. राणीच्या मागे तिचे कुटुंब, नातलग आणि आश्रयदाते पैसा उभा करतात. त्यामुळे मुकुट एका मुलीच्या डोक्यावर असला, तरी प्रतिष्ठा सर्व गोतावळ्याची पणाला लागलेली असते.

या स्पर्धांचा खरा कणा मात्र ‘बाक्ला’ समुदाय हा आहे. जन्माने पुरुष, पण स्त्रीसदृश ओळख स्वीकारणाऱ्या व्यक्तींसाठी फिलिपिन्समध्ये हा शब्द रूढ आहे. केशभूषा, रंगभूषा, वस्त्रयोजना, चालण्याचे शिक्षण ही सारी कामे प्रामुख्याने त्यांच्याकडे असतात. त्यांच्या स्वतःच्या स्पर्धाही गावोगावी होतात आणि कुटुंबासह लोक त्या पाहायला येतात. मानववंशशास्त्रज्ञ फेनेला कॅनेल यांनी बिकोल प्रदेशातील, तर मार्क जॉन्सन यांनी मुस्लिमबहुल सुलू भागातील अशा स्पर्धांचा अभ्यास केला आहे. पाश्चात्त्य सौंदर्याचे हे आंधळे अनुकरण नसून, दूरच्या सामर्थ्यशाली जगाला स्वतःच्या देहावर सामावून घेण्याची ती क्रिया आहे, असे या अभ्यासांतून सूचित होते.

या समुदायाला मंचावर मिळणारी टाळी मंचाखाली टिकत नाही, हेही नोंदविले पाहिजे. जून रोब्लेस लाना दिग्दर्शित ‘डाय ब्यूटिफुल’ (२०१६) या चित्रपटाची नायिका त्रिशा ही पारलिंगी स्त्री स्पर्धा जिंकल्यानंतर लगेच मरण पावते. तिच्या पार्थिवाला रोज रात्री वेगळ्या तारकेच्या रूपात सजवावे, ही तिची इच्छा मैत्रिणी पूर्ण करतात. वडिलांना मात्र तिचे दफन पुरुष म्हणूनच करायचे असते. ज्यांच्या कौशल्यावर राष्ट्राची राणी घडते, त्यांच्या स्वतःच्या नावाला आणि देहाला घरातही मान्यता नाही, हा विरोधाभास या चित्रपटाने विनोदाच्या अंगाने, पण नेमकेपणाने पकडला आहे.

हुकूमशाही आणि रंगमंच

सौंदर्यस्पर्धेचा राजकीय वापर सर्वांत उघडपणे झाला तो मार्कोस राजवटीत. इमेल्डा मार्कोस यांची स्वतःची सार्वजनिक कारकीर्द सौंदर्याच्या किताबातूनच सुरू झाली होती. १९५३ मध्ये मनिलातील स्पर्धेच्या निकालावर असमाधानी होऊन त्या थेट महापौरांकडे गेल्या आणि त्यांना ‘म्यूज ऑफ मनिला’ असा स्वतंत्र किताब देण्यात आला. सप्टेंबर १९७२ मध्ये लष्करी कायदा जाहीर झाला. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच, जुलै १९७४ मध्ये, मिस युनिव्हर्स स्पर्धा मनिलात भरविण्यात आली. तिच्यासाठी समुद्रात भर घालून मिळविलेल्या जमिनीवर ‘फोक आर्ट्स थिएटर’ अवघ्या सत्त्याहत्तर दिवसांत उभे केले गेले. तुरुंगांत राजकीय कैदी असताना जगाच्या दूरचित्रवाणीवर हसतमुख, शिस्तबद्ध आणि पाहुणचार करणारा देश दिसावा, अशी ही योजना होती.

१९७४ या वर्षाचे आणखी एक महत्त्व आहे. त्याच वर्षी मे महिन्यात मार्कोस यांनी नवी कामगार संहिता जारी केली आणि मनुष्यबळाची निर्यात हे शासकीय धोरण बनले. हे दोन निर्णय एकमेकांतून निघाले, असा दावा येथे करायचा नाही. परंतु दोन्हींत फिलिपिनो स्त्रीची एकच प्रतिमा घडविली गेली, हे लक्षात घेतले पाहिजे. इंग्रजी बोलणारी, प्रसन्न, कष्टाळू, जुळवून घेणारी आणि तक्रार न करणारी अशी ही प्रतिमा आहे. परदेशातील फिलिपिनोंनी २०२३ मध्ये बँकांमार्फत मायदेशी पाठविलेली रक्कम सुमारे तेहतीस अब्ज डॉलर होती. परिचारिका, घरकामगार, जहाजावरील कर्मचारी आणि मिस युनिव्हर्स या चौघांच्या कामाचे स्वरूप भिन्न आहे. तरीही परक्यांपुढे देशाचे नाव राखणे आणि घराला हातभार लावणे, या अपेक्षा चौघांकडून सारख्याच केल्या जातात.

मुकुटापलीकडे गेलेल्या स्त्रिया

स्पर्धेला विरोधही याच भूमीत झाला. १९७० मध्ये लोरेना बारोस यांच्या नेतृत्वाखालील ‘माकिबाका’ या स्त्रीसंघटनेने ‘बिनिबिनिंग पिलिपिनास’ या राष्ट्रीय स्पर्धेसमोर निदर्शने करून आपल्या सार्वजनिक कार्याला आरंभ केला. बारोस पुढे भूमिगत झाल्या आणि १९७६ मध्ये लष्कराशी झालेल्या चकमकीत मारल्या गेल्या.

विशेष म्हणजे विरोधकांच्या रांगेत पुढे काही राण्याही आल्या. माइता गोमेझ यांनी १९६७ मध्ये मिस वर्ल्ड स्पर्धेसाठी देशाचे प्रतिनिधित्व केले होते. लष्करी कायद्याच्या काळात त्या बंडखोरांच्या सशस्त्र दलात सामील झाल्या आणि १९८४ मध्ये ‘गॅब्रिएला’ या स्त्रीसंघटनेच्या स्थापनेत सहभागी होत्या. १९७१ मध्ये ‘क्वीन ऑफ द पॅसिफिक’ ठरलेल्या नेलिया सांचो यांनी भूमिगत जीवन आणि तुरुंगवास पत्करला. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याच्या लैंगिक गुलामगिरीला बळी पडलेल्या वृद्ध स्त्रियांना संघटित करण्यात पुढे त्यांचा मोठा वाटा होता. जेम्मा क्रूझ यांनी युद्ध ऐन भरात असताना उत्तर व्हिएतनामला भेट देऊन १९६८ मध्ये ‘हनोई डायरी’ हे पुस्तक लिहिले. त्याच जेम्मा १९९८ मध्ये पर्यटनमंत्री झाल्या.

स्पर्धा स्त्रीला केवळ निष्क्रिय बनवते, या गृहीतकाला ही उदाहरणे छेद देतात. मात्र त्यांचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. या स्त्रियांना बंडाची प्रेरणा स्पर्धेने दिली नव्हती. ती विद्यापीठांतून, रस्त्यावरील आंदोलनांतून आणि हुकूमशाहीच्या प्रत्यक्ष अनुभवातून आली. मुकुटाने त्यांना ओळख दिली, आणि सत्तेविरुद्ध बोलताना ती ओळख त्यांनी वापरली. तसेच बोलण्यासाठी त्यांना आधी स्पर्धेच्या मंचावरून खाली उतरावे लागले. मंचावर असताना काय घडते, हे पुढील उत्तरांतून दिसते.

तीन उत्तरांचे वाचन

मिस युनिव्हर्सच्या अंतिम फेरीतील प्रश्नोत्तरे हा स्पर्धेचा असा भाग आहे, जेथे स्त्री स्वतःच्या शब्दांत बोलते. वेळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास असतो. या मर्यादेत दिलेली उत्तरे उथळ म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु अल्पाक्षरी संहितेप्रमाणे त्यांचे वाचन केल्यास बरेच काही हाती लागते.

पहिले उत्तर १९ जुलै १९६९ रोजीचे आहे. दुसऱ्याच दिवशी मानव चंद्रावर उतरणार होता. चंद्रावरचा माणूस तुमच्या गावी आला तर त्याचे मनोरंजन कसे कराल, असा प्रश्न ग्लोरिया दियाझ यांना विचारण्यात आला. नेहमी करते तेच करीन, इतका काळ चंद्रावर राहिलेल्याला बदल हवाच असेल, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे : बाहेरून कोणी आला की फिलिपिनो स्त्रीने त्याचे आतिथ्य करायचे. दियाझ यांचे उत्तर हे गृहीतक हसत बाजूला सारते. पाहुण्यासाठी काही वेगळे करण्याची गरज त्यांना वाटत नाही. त्यांचे गाव आहे तसेच पुरेसे आहे. तीन उत्तरांपैकी सर्वांत अकृत्रिम उत्तर हेच आहे. त्या वेळी स्पर्धकांना घडविणाऱ्या प्रशिक्षणशाळांचा उदय झालेला नव्हता, ही बाब येथे महत्त्वाची ठरते.

दुसरे उत्तर २० डिसेंबर २०१५ चे. ही स्पर्धा सूत्रसंचालकाने चुकून कोलंबियाच्या स्पर्धकाचे नाव विजेती म्हणून जाहीर केल्यामुळे जगभर गाजली. त्या गोंधळात उत्तराची चर्चा मागे पडली. अमेरिकेने फिलिपिन्समध्ये लष्करी अस्तित्व ठेवावे काय, असा प्रश्न पिया वूर्ट्सबाख यांना विचारला गेला होता. दोन्ही देशांचे संबंध नेहमीच चांगले राहिले आहेत, अमेरिकेने आपल्यावर राज्य केले आणि तिची संस्कृती आजही आपल्या परंपरांत आहे, आपण अमेरिकनांचे स्वागतच करतो, यात काही अडचण दिसत नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

या उत्तराच्या मागे जे राहिले ते पाहू. १८९९ ते १९०२ या काळातील फिलिपिनो-अमेरिकी युद्ध त्यात नाही. सप्टेंबर १९९१ मध्ये सिनेटने बारा विरुद्ध अकरा मतांनी अमेरिकी तळांचा नवा करार फेटाळला होता, ते त्यात नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये ओलोंगापो शहरात जेनिफर लाउडे या पारलिंगी स्त्रीची एका अमेरिकी मरीन सैनिकाने हत्या केली होती आणि त्याला न्यायालयाने दोषी ठरविले ते १ डिसेंबर २०१५ रोजी, म्हणजे या उत्तराच्या अवघ्या तीन आठवडे आधी. पारलिंगी आणि बाक्ला प्रशिक्षकांच्या हातांनी घडलेल्या रंगमंचावर या घटनेला जागा मिळू नये, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. अर्थात याचा दोष एका व्यक्तीवर ढकलणे अन्यायाचे होईल. लास वेगासमधील मंचावर, अमेरिकी मालकीच्या स्पर्धेत, लक्षावधी देशबांधवांच्या अपेक्षांचे ओझे वाहणाऱ्या स्पर्धकाने निराळे उत्तर दिले असते, तर तिला मुकुट मिळाला असता काय, हा प्रश्न विचारल्यावर व्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट होते. ज्या देशाने वसाहत केली, त्याच्याच भूमीवर वसाहतीविषयी मत विचारले जाते आणि उत्तरासाठी अर्धे मिनिट दिले जाते.

तिसरे उत्तर १७ डिसेंबर २०१८ रोजी बँकॉक येथे कॅट्रिओना ग्रे यांनी दिले. जीवनात मिळालेला सर्वांत महत्त्वाचा धडा कोणता, या प्रश्नावर त्यांनी मनिलातील झोपडपट्टीत केलेल्या कामाचा उल्लेख केला. तेथील जीवन दारिद्र्याने व दुःखाने भरलेले असले, तरी मुलांच्या चेहऱ्यांतील सौंदर्य शोधायला आणि कृतज्ञ राहायला आपण शिकलो, असे त्यांनी सांगितले. या उत्तराची रचना तिघींत सर्वांत सफाईदार आहे आणि त्यामागचे काम खरे आहे. तरीही समीक्षेच्या दृष्टीने एक प्रश्न उरतो. येथे दारिद्र्य हे पाहणाऱ्याच्या आत्मिक उन्नतीचे साधन बनते. ते कशामुळे आहे, हे विचारण्याची वेळ येण्याआधीच उत्तर कृतज्ञतेपाशी संपते.

मंचाबाहेर हा प्रश्न विचारणे किती महाग पडू शकते, हे दोन वर्षांत दिसून आले. ऑक्टोबर २०२० मध्ये लष्करातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने ‘गॅब्रिएला’ या संघटनेपासून दूर राहण्याचा जाहीर इशारा एका अभिनेत्रीला दिला आणि त्यात ग्रे यांचेही नाव घेतले. माइता गोमेझ या जुन्या राणीने उभारणीस हातभार लावलेल्या संघटनेचे नाव नव्या राणीसाठी धोक्याचे ठरावे, या योगायोगात अर्धशतकाचा राजकीय इतिहास साठलेला आहे.

भाषा, वर्ण आणि प्रशिक्षण

गेल्या दोन दशकांतील यशाचे श्रेय मोठ्या प्रमाणावर मनिलातील प्रशिक्षणशाळांना दिले जाते. ‘कागांडाहांग फ्लोरेस’ आणि ‘एसेस अँड क्वीन्स’ या त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहेत. चालणे, उभे राहणे, आहार, वेशभूषा आणि प्रश्नोत्तरे यांचा तेथे काटेकोर सराव घेतला जातो. एकाच स्पर्धकाने अनेकदा प्रयत्न करणे कमीपणाचे मानले जात नाही. पिया वूर्ट्सबाख यांना राष्ट्रीय किताब तिसऱ्या प्रयत्नात मिळाला. स्पर्धापरीक्षांची तयारी करणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यांची चिकाटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या मनोवृत्तीचे आकलन सहज होईल.

इंग्रजीवरील प्रभुत्व हाही या तयारीचा भाग आहे. २०१२ मध्ये जनीन टुगोनोन यांना, मिस युनिव्हर्स होण्यासाठी इंग्रजी येणे आवश्यक असावे काय, असे विचारण्यात आले. तसे आवश्यक नाही, प्रभाव पाडण्याची क्षमता महत्त्वाची, असे त्यांनी अस्खलित इंग्रजीत सांगितले आणि त्या उपविजेत्या ठरल्या. वसाहतीने दिलेली भाषा हे ज्या देशाचे परदेशी नोकरीतील भांडवल आहे, तेथील स्पर्धकाने ती अनावश्यक म्हणणे आणि तेही त्याच भाषेत म्हणणे, यात या देशाची कोंडी व्यक्त होते.

वर्णाचा प्रश्न अधिक जटिल आहे. वूर्ट्सबाख यांचे वडील जर्मन, ग्रे यांचे ऑस्ट्रेलियन, तर यंग यांचे अमेरिकी. ‘मेस्तिसा’ म्हणजे संमिश्र वंशाच्या, उजळ कांतीच्या स्त्रीला स्पॅनिश काळापासून मिळालेले झुकते माप आणि त्वचा उजळविणाऱ्या साबणांची व गोळ्यांची बाजारपेठ एकमेकांना पोसतात. ‘फेअरनेस’ मलमांच्या जाहिरातींत वाढलेल्या भारतीय वाचकाला हे अपरिचित नाही. त्याच वेळी या वर्गवारीला तडेही जात आहेत. भारतीय वडील आणि फिलिपिनो आई यांच्या पोटी कतारमध्ये जन्मलेल्या व्हीनस राज यांचा राष्ट्रीय किताब २०१० मध्ये जन्मदाखल्यातील विसंगतीवरून काढून घेतला गेला. लोकांच्या नाराजीनंतर तो परत मिळाला आणि मिस युनिव्हर्समध्ये त्या पहिल्या पाचांत आल्या. २०२१ च्या बीट्रिस लुइगी गोमेझ यांनी आपली उभयलिंगी आवड उघडपणे मांडली होती. २०२४ मध्ये आफ्रिकी-अमेरिकी पित्याच्या कन्या चेल्सी मनालो ‘मिस युनिव्हर्स फिलिपिन्स’ झाल्या. परदेशी श्रमाच्या आणि लष्करी तळांच्या इतिहासातून जन्मलेली ही पिढी ‘फिलिपिनो कोण?’ हा प्रश्न मंचावर उभा करते. संविधानसभेत नव्हे, तर सौंदर्यस्पर्धेत हा प्रश्न लोक हिरिरीने चर्चितात, हेही या समाजाचे वैशिष्ट्य मानावे लागेल.

रविवारच्या राण्या

बेबी रूथ व्हियारामा यांचा ‘संडे ब्यूटी क्वीन’ (२०१६) हा माहितीपट या विषयाच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा असा आहे. हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो स्त्रिया आपल्या सुट्टीच्या एकमेव दिवशी, रविवारी, सौंदर्यस्पर्धा भरवितात. त्यांना मालकाच्या घरीच राहावे लागते. नोकरी सुटल्यास चौदा दिवसांत नवी नोकरी शोधावी लागते किंवा देश सोडावा लागतो. रात्री ठरलेल्या वेळेच्या आत परतण्याची धास्ती असते. सहा दिवस दुसऱ्यांची मुले, वृद्ध आणि स्वयंपाकघर सांभाळणारी स्त्री सातव्या दिवशी झगझगीत पोशाखात मंचावर येते आणि तेथे तिला नाव घेऊन पुकारले जाते.

वस्तूकरणाची संकल्पना येथे उलटी फिरते. या स्त्रियांचे वस्तूकरण आठवडाभर चालते, तेही श्रमाच्या पातळीवर. रविवारच्या मंचावर त्या पुन्हा व्यक्ती होतात. माहितीपटाचे मोठेपण असे की तो या क्षणाचे उदात्तीकरण करीत नाही. सोमवारची सकाळ त्यात आहेच. मुकुट त्यांची कामाची परिस्थिती बदलत नाही, पण ती परिस्थिती सहन करण्यासाठी लागणारा स्वाभिमान एकमेकींच्या साक्षीने त्या मिळवितात. मिस युनिव्हर्सच्या विजयावर हाँगकाँग, दुबई किंवा रियाध येथील कामगार स्त्रीला आनंद का होतो, याचे उत्तर येथे सापडते.

भारतीय संदर्भ

या विषयाला भारताशी जोडणारे दुवे आहेत. २१ मे १९९४ रोजी सुश्मिता सेन यांना मिस युनिव्हर्सचा मुकुट मिळाला तो मनिलातच. १९९४ ते २००० या काळात भारताला मिस वर्ल्डचे चार आणि मिस युनिव्हर्सचे दोन किताब मिळाले. आर्थिक उदारीकरण आणि प्रसाधन कंपन्यांचा प्रवेश यांच्याशी त्याचा संबंध अनेक अभ्यासकांनी दाखविला आहे. मात्र भारतातील हे यश मुख्यतः महानगरी आणि माध्यमसमूहांच्या आश्रयाने घडले. फिलिपिन्सप्रमाणे त्याला गावजत्रेचा पाया नव्हता. १९९६ च्या बंगळूर येथील मिस वर्ल्ड स्पर्धेला स्त्रीसंघटना आणि संस्कृतिरक्षक अशा दोन्ही बाजूंनी जो तीव्र विरोध झाला, त्यातूनही हा फरक दिसतो.

मुंबईत जन्मलेल्या, गोमंतकीय कुटुंबातील वैद्यकीय विद्यार्थिनी रीटा फारिया १९६६ मध्ये मिस वर्ल्ड झाल्या. त्याच वर्षाअखेरीस बॉब होप यांच्या कार्यक्रमासोबत त्या व्हिएतनाममधील अमेरिकी सैनिकांपुढे उपस्थित राहिल्या आणि भारतात वाद निर्माण झाला. पुढे दोनच वर्षांत जेम्मा क्रूझ यांची ‘हनोई डायरी’ आली. आशियातील दोन राण्या एकाच युद्धाच्या दोन बाजूंना पोहोचल्या. मुकुट धारण करणारी स्त्री राजकारणापासून अलिप्त असते, हा समज किती भाबडा आहे, हे दाखविण्यास ही तुलना पुरेशी आहे. फारिया यांनी नंतर प्रसिद्धीचा मार्ग सोडून वैद्यकीय व्यवसाय स्वीकारला, याचीही नोंद घ्यावयास हवी.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. फिलिपिन्सचे यश हे वासाहतिक कार्निव्हल, कॅथलिक उत्सवपरंपरा, बाक्ला समुदायाचे कौशल्य आणि श्रमनिर्यातीची अर्थव्यवस्था यांच्या एकत्रित परिणामातून साकारले आहे. केवळ प्रसाधन उद्योगाच्या आधारे त्याचे स्पष्टीकरण देता येत नाही.

२. मुकुटामुळे स्त्रीला सार्वजनिक ओळख मिळते. पुरा व्हियानुएवा, माइता गोमेझ आणि नेलिया सांचो यांनी ती आपल्या राजकीय कार्यात वापरली, परंतु स्पर्धेच्या मंचाबाहेर.

३. मंचावरील उत्तरांत देशाच्या इतिहासातील वेदनादायक भाग वगळला जातो किंवा त्याचे कृतज्ञतेत रूपांतर होते. ही स्पर्धकाची उणीव नसून विजयाची अट आहे.

४. या यशाचा पाया रचणारे पारलिंगी कलावंत आणि त्याचा आनंद साजरा करणाऱ्या स्थलांतरित घरकामगार स्त्रिया या दोन्ही घटकांचे प्रत्यक्ष जीवन विजयानंतरही फारसे बदलत नाही.

स्त्रीवादी समीक्षेने या स्पर्धांवर घेतलेले मूलभूत आक्षेप वरील विवेचनाने रद्द होत नाहीत. परंतु ज्या स्त्रिया आणि जे समुदाय या मंचाला आपला मानतात, त्यांना फसलेले किंवा अजाण ठरवून ही समीक्षा पुढे जाऊ शकणार नाही. हाँगकाँगमधील घरकामगार स्त्रीला रविवारी मुकुट का हवासा वाटतो, याचे उत्तर तिच्या सहा दिवसांच्या कामात शोधावे लागेल. त्या कामाचे मोल, तिचा परतीचा मार्ग आणि तिच्या देशावरील परकीय लष्कराची सावली, या प्रश्नांना अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक वेळ देणे हे वर्गात आणि लेखनात अभ्यासकांनाच करावे लागणार आहे.